निष्पापतेचा आरोप

चांदा (आजचे चंद्रपूर) आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतील अरण्यवासी समाजाविषयी मराठीत जे लिहिले-बोलले जाते, त्यातील बहुतेक मजकुराच्या तळाशी एक ठराविक कथा असते, आणि ती आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती कथा आहे हेच ध्यानात येत नाही. माडिया किंवा गोंड माणूस मुळात निष्पाप होता. अरण्य त्याला पुरत होते, असत्य त्याला ठाऊक नव्हते, हाव त्याला शिवली नव्हती. मग रस्ता आला, रस्त्यावरून व्यापारी आला, व्यापाऱ्यामागून दारूचा गुत्ता आला. तो भुलला, आणि भुलला म्हणून बिघडला. सभेतील वक्ता ही कथा गहिवरून सांगतो, दिवाळी अंकातील लेखक ती हळहळून लिहितो, आणि एखाद्या प्रकल्पाची शिफारस करणारा अंमलदार तिचाच आधार घेऊन म्हणतो की, हे लोक भोळे आहेत, तेव्हा त्यांचे हित कशात आहे ते आपणच ठरविले पाहिजे. या कथेचा मला प्रतिवाद करावयाचा आहे. कारण तिचे रूप सहानुभूतीचे असले तरी तिचे कार्य निवाड्याचे आहे, आणि ज्यांच्याविरुद्ध तो निवाडा होतो त्यांची कैफियत कोणी ऐकून घेतलेली नसते.

ही कथा मूळची हिब्रू धर्मग्रंथातील. एदेनच्या बागेत आदाम आणि हव्वा होते, एका झाडाचे फळ खाऊ नये अशी आज्ञा होती, सर्पाने हव्वेला भुलविले, दोघांनी फळ खाल्ले, त्यांना आपल्या नग्नतेची लज्जा वाटू लागली, आणि मग हद्दपारी झाली. परतीच्या वाटेवर करूबीम आणि ज्वालामय खड्ग यांचा पहारा बसला. मराठीला ही कथा परकी राहिलेली नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी आपल्या ख्रिस्तपुराणात ती ओवीबद्ध केली, आणि तो ग्रंथ १६१६ मध्ये गोव्यात मुद्रित झाला, त्याला चार शतके उलटून गेली. धर्मकथा म्हणून तिच्याविषयी मला आदरच आहे. तिचे गांभीर्य असे की ती सांगणारा भाविक स्वतःला तिच्याबाहेर ठेवीत नाही. आदामाचे पतन ते माझे पतन, त्याची हद्दपारी ती माझी, असे मानूनच तो ती उच्चारतो, आणि म्हणून त्याच्या मुखी ती पश्चात्तापाची कथा होते. आपण मात्र तीच कथा अहेरी-भामरागडच्या माणसाला लावतो तेव्हा पडणारा तो असतो आणि पाहणारे आपण असतो. पश्चात्ताप त्या कथेतून निघून जातो, आणि उरते ती दुसऱ्याविषयीची कीव.

धर्मग्रंथातील ही मांडणी मानववंशशास्त्रात कशी उतरली याचे बोलके उदाहरण वेरियर एल्विन यांचे आहे. १९२७ मध्ये ते ख्रिस्ती धर्मसेवक म्हणून पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आले, पुढे मंडल्याच्या डोंगरांत जाऊन राहिले, चर्चपासून दूर झाले, आणि बैगा, गोंड, मुरिया यांच्याविषयी त्यांनी जे ग्रंथ लिहिले त्यांना आजही तोड नाही. बैगांवरील १९३९ च्या ग्रंथात त्यांनी असे सुचविले की, या लोकांसाठी एखादा राखीव प्रदेश असावा, जेथे बाहेरचा संसर्ग त्यांना पोहोचणार नाही. समाजशास्त्रज्ञ डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९४३ मध्ये त्याला सडेतोड उत्तर दिले आणि हे लोक म्हणजे मागासलेले हिंदूच होत असे प्रतिपादन केले. एल्विन यांना न्याय द्यावयाचा तर हे सांगितलेच पाहिजे की, बेवर म्हणजे फिरती शेती बंद केल्याने बैगांची काय दशा झाली ते त्यांच्याइतके स्पष्टपणे त्या काळी फारसे कोणी लिहिले नाही. तथापि, कुंपण घालून निष्पापता जपावी ही त्यांची कल्पना धर्मसेवकाची होती, आणि घुर्ये यांचे उत्तर सुधारकाचे होते. या लोकांचे काय करावे हाच दोघांच्या वादाचा विषय होता, आणि प्रलोभन म्हणजे काय, पतन कोणाचे होते, याविषयी त्या लोकांचे स्वतःचे काही मत असेल हा विचार त्या वादाच्या मध्यभागी कधी आलाच नाही.

प्रथम निष्पापतेकडेच पाहू. ज्या चांद्याच्या परकोटातून आजही वाहतूक वाट काढते, तो परकोट गोंड राजांनी बांधला. अठराव्या शतकाच्या मध्यास नागपूरकर भोसल्यांनी ते राज्य घेईपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी येथे जमाबंदी केली, सनदा दिल्या, तलाव बांधणाऱ्याला तुकूम म्हणून जमीन तोडून देण्याची रीत पाडली, आणि राजघराण्यांत होतात तशी भांडणे व कारस्थानेही केली. मोलमपल्लीच्या बाबुराव शेडमाके यांनी इंग्रजांविरुद्ध फौज उभी केली आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात ते फाशी गेले. सत्ता, महसूल, युद्ध आणि फितुरी हे सर्व ज्या समाजाने भोगले आणि केले, त्याला बागेतील आदामाच्या पंक्तीस बसविणे म्हणजे त्याचा इतिहास दप्तरातून खारीज करणे होय.

आता त्या समाजाची स्वतःची कथा पाहा. नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एका परधानाच्या, म्हणजे गोंडांच्या कथागायकाच्या, तोंडून त्यांचा धर्मपुरुष लिंगो याची कथा उतरवून घेतली. १८६३ मध्ये हिस्लॉप एका ओढ्यात बुडून वारले, आणि मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये त्यांचे कागद प्रसिद्ध केले. पुढे कॅप्टन फोर्सिथ यांनी ती कथा लाँगफेलो या अमेरिकन कवीच्या काव्याच्या चालीवर इंग्रजीत बसविली, आणि तेव्हापासून ती रानातील भोळ्या जनांचे गाणे म्हणून ओळखली जाऊ लागली. मूळ कथेत भोळेपणा कोठेच नाही.

त्या कथेत गोंड जन्माला येतात ते निष्पाप म्हणून येत नाहीत. ते रानभर पसरतात, सापडेल ते खातात, आंघोळ करीत नाहीत, आणि त्यांचा दर्प धवलगिरीवर महादेवापर्यंत जातो. महादेव त्रासतो आणि युक्ती योजतो. आपल्या अंगाच्या मळातून एक खार निर्माण करून तो ती त्यांच्यासमोर सोडतो. भुकेले गोंड काठ्या-दगड घेऊन तिच्यामागे धावतात, खार गुहेत शिरते, तेही शिरतात, आणि महादेव प्रचंड शिळेने गुहेचे तोंड बंद करून भस्मासुराला पहाऱ्यावर बसवितो. बाहेर राहिलेले केवळ चार भाऊ काचीकोपा लोहागडाच्या खोऱ्याकडे निघून जातात. येथे प्रलोभन आहे, त्यास बळी पडणे आहे, दार लागणे आहे, दारावर पहाराही आहे. एदेनच्या कथेतील बहुतेक सर्व सामग्री येथे हजर आहे. परंतु दोष कोणाच्या पदरी टाकला आहे ते पाहा. आमिष देवाने स्वतः लावले, आणि तेही आज्ञाभंगाची शिक्षा म्हणून लावले नाही, कारण आज्ञा अशी कोणतीच नव्हती. ज्यांचा वास त्याला सहन होत नव्हता त्यांना दृष्टीआड करावयाचे एवढाच हेतू होता. ही कथा सांगणाऱ्या परधानाने भुकेला पाप म्हटलेले नाही. उलट पुढे असे येते की गोंडांचा परिचित वास येईनासा झाला म्हणून पार्वतीच बेचैन होते आणि त्यांच्यासाठी तप आरंभते. ज्या दर्पाची महादेवाला किळस आली, त्याच दर्पावाचून पार्वतीला करमेनासे होते. हकालपट्टी झालेल्यांच्या शोकात देवलोकातील एका थोर व्यक्तीला सहभागी करून घेणारी अशी पतनकथा मी दुसरी वाचलेली नाही.

दुसरे प्रलोभन याहून सूक्ष्म आहे. फुलातून जन्मलेला लिंगो त्या चौघा भावांना शेत करावयास शिकवितो, राक्षसाकडून विस्तव मिळवितो, त्या राक्षसाच्या सात मुली भावांना मिळवून देतो आणि स्वतः मात्र लग्न करीत नाही. भाऊ शिकारीस गेले असता त्या सातजणी झोपाळ्यावर निजलेल्या लिंगोला भुलवू पाहतात. तो प्रथम उठत नाही, मग संतापून मुसळ घेऊन त्यांना पिटाळून लावतो. त्या नवऱ्यांकडे उलटी फिर्याद करतात, आणि भाऊ शहानिशा न करता लिंगोला रानात नेऊन बाणांनी मारतात व त्याचे डोळे काढतात. देवांच्या अमृताने तो पुन्हा उठतो. उठल्यावर तो सूड घेत नाही. तो गुहेत कोंडलेल्या गोंडांच्या शोधास निघतो, महादेवाकडे त्यांची सुटका मागतो, आणि महादेवाने घातलेली अट पुरी करण्यासाठी बिंदो पक्ष्याची पिले खाणाऱ्या भौरनाग सर्पाला मारतो. या कथेतही प्रलोभनाचे ओझे स्त्रियांच्याच माथी ठेवले आहे, आणि तेवढ्यापुरती ती एदेनइतकीच अन्यायी आहे. ते मी झाकू इच्छित नाही. पण तिचा भर कोठे आहे? येथे भुलविला गेलेला पुरुष पडत नाही. आरोप ऐकून पुराव्याशिवाय शिक्षा देणारे भाऊ पडतात. या पुराणाला सर्वांत मोठे पाप वाटते ते खोट्या आरोपावर विश्वास ठेवण्याचे, आणि ज्या समाजाविषयी आज गावोगावच्या दप्तरांत अशा आरोपांची कागदपत्रे साचली आहेत, त्याने हे पुराण जपून ठेवले हे मला आकस्मिक वाटत नाही.

यावर एक आक्षेप येतो तो असा की, हिस्लॉपच्या संहितेत महादेव, पार्वती, नारायण, भस्मासुर हे सर्व हिंदू पुराणांतून आलेले आहेत, तेव्हा ती अस्सल कशी मानावी. आक्षेप रास्त आहे. नागपूरचे डॉ. मोतीराम कंगाली यांनी गोंडी परंपरेची जी मांडणी केली तिच्यात कथेचे अंग निराळे आहे. तेथे कली कंकालीची मुले आहेत, त्यांचा सांभाळ करणारी जंगो रायताड आहे, आणि हिरासुका पाटालिर या वादकाच्या साथीने लिंगो कचारगडच्या गुहेतून त्यांना सोडवितो. आजही माघ पौर्णिमेला सालेकशाजवळच्या त्या गुहेत लोटणारी गर्दी या सुटकेच्या स्मरणासाठीच जमते. परंतु दोन्ही संहितांत ज्याला धक्का लागत नाही ती गोष्ट हीच की, बंद गुहेत घातलेल्यांना कोणी निर्दोष बालके किंवा पतित पापी म्हणत नाही. त्यांना सोडवावयाचे आहे, आणि सुटल्यावर सगा (कुळसमूह), देव व नियम यांच्या व्यवस्थेत मोठ्या माणसांप्रमाणे बांधून घ्यावयाचे आहे. सुटका हे या धर्मकथेचे शिखर आहे, आणि आपल्या लिखाणात तिचाच पत्ता नसतो.

संस्कृत परंपरेतही अरण्यातील अजाण माणसाला भुलविण्याची कथा आहे. महाभारताच्या वनपर्वातील ऋष्यशृंगाने स्त्री पाहिलेलीच नव्हती. अंगदेशाच्या गणिकांनी त्याला मिठायांनी आणि आलिंगनांनी भुलवून राजधानीत आणले. त्याचे तप भंगले, पण अनर्थ झाला नाही. कोरड्या पडलेल्या राज्यात पाऊस पडला आणि राजकन्या शांता त्याला पत्नी म्हणून मिळाली. ज्ञान झाले म्हणजे नाशच झाला, असे समीकरण या कथाकारांनी मांडलेले नाही, एवढेच येथे नोंदवून पुढे जातो.

मात्र एक कथा अशी आहे की तिच्याशिवाय चांद्याचा विचार पुरा होत नाही. नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चांद्यात हजारोंना धम्मदीक्षा दिली. त्या धम्माच्या दीघनिकायात अग्गञ्ञसुत्त आहे. जन्माच्या श्रेष्ठतेचा गर्व खोडून काढण्यासाठी बुद्ध वासेट्ठ आणि भारद्वाज यांना सांगतात की, आरंभी जीव स्वयंप्रकाशी होते, आकाशात विहरत होते. पृथ्वीवर साय धरावी तसा रस पसरला, एकाने बोटाने तो चाखला, इतरांनीही चाखला, आणि त्यांचे तेज गेले. पण कथा येथे थांबत नाही, आणि माझ्या मते तिचा खरा गाभा पुढेच आहे. पुढे तुसाशिवाय पिकणारा तांदूळ उगवू लागला. संध्याकाळी कापला तर सकाळी पुन्हा तयार. एका आळशी जीवाने दोन वेळांचा एकदम आणून ठेवला, दुसऱ्याने दोन दिवसांचा, तिसऱ्याने चार दिवसांचा. साठवण सुरू झाली, तांदळावर तूस चढले, कापलेले उगवेनासे झाले. मग शेते वाटली गेली, बांध पडले, आणि बांध पडल्यावर एकाने दुसऱ्याच्या वाट्यातून घेतले. चोरी, निंदा, असत्य आणि दंड हे चारही त्या बांधानंतर जन्मले.

आता हीच दृष्टी घेऊन या जिल्ह्यांच्या दप्तराकडे यावे. नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले; १८६५ मध्ये पहिला वनकायदा आला, १८७८ मध्ये त्याहून कडक, आणि १९२७ चा कायदा तर आजही अंमलात आहे. जंगलाच्या हद्दी आखल्या गेल्या, मुनारे उभे राहिले, राखीव आणि संरक्षित असे वर्ग पडले, आलापल्लीच्या सागवानाची मोजदाद झाली. त्यापूर्वी लाकूडफाटा, बांबू, मध, कंद, चराई आणि फिरती शेती ही गावाची वहिवाट होती. त्यानंतर तीच कृती तीच माणसे त्याच ठिकाणी करीत असता तिला वनगुन्हा हे नाव मिळाले, आणि कुऱ्हाड मुद्देमाल म्हणून जप्त होऊ लागली. एदेनमध्ये गुन्हा आधी घडला आणि हद्दपारी नंतर. येथे हद्द आधी आली आणि गुन्हा नंतर निर्माण झाला. म्हणून पतनकथेचा हा साचा केवळ अपुरा आहे असे म्हणून मी थांबणार नाही. तो घटनांचा क्रमच उलटा करतो, आणि ज्याने बांध घातला त्याला साक्षीदार करून ज्याचे शेत गेले त्याला आरोपी करतो.

प्रतिपक्षाचा सर्वांत सबळ मुद्दा दारूचा, आणि तो मी टाळणार नाही. दारूने या भागातील असंख्य संसार मोडले. हे ज्यांनी पाहिले आहे त्यांच्यापुढे पुराणकथांचे दाखले देणे हा निष्ठुरपणा होईल. परंतु मोहाच्या झाडाखाली फुले वेचणारी बाई ती फुले खाते, वाळवून साठवते, बियांचे तेल काढते, देवाला धार सोडते. आणि इंग्रजी आबकारीच्या अंमलात घरची भट्टी गुन्हा ठरली आणि लिलावातून ठेका घेतलेल्याची भट्टी कायदेशीर ठरली. जे पेय विधीचा भाग होते ते महसुलाची बाब झाले. मोहफुलांच्या साठवणुकीवरील आणि वाहतुकीवरील निर्बंध तर राज्य शासनाने शिथिल केले ते २०२१ मध्ये. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ रोजी आली आणि २०२१ मध्ये उठविण्यात आली. त्या बंदीसाठी २०१० मध्ये चिमूरहून नागपूरपर्यंत विधिमंडळावर चालत गेलेल्या स्त्रियांनी आपले नवरे निष्पाप होते असा दावा केला नव्हता. मजुरी घरी येत नाही, मार मात्र येतो, तेव्हा गुत्ता बंद करा, ही त्यांची मागणी होती. ती हक्काची भाषा होती. तिला वर्तमानपत्रांतून उद्धाराची भाषा आपण दिली, आणि बंदी उठताना त्या स्त्रियांचे मत निर्णायक ठरले नाही, याचे कारण मला तेथेच दिसते. ज्याचा उद्धार करावयाचा त्याची संमती विचारण्याचा प्रघात नाही.

ताडोब्याचे उदाहरण याच जातीचे आहे. १९५५ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले, पुढे व्याघ्रप्रकल्प झाला, आणि बोटेझरी, नवेगाव यांसारखी गावे पुनर्वसनाच्या मार्गाने बाहेर गेली. वाघ वाचला पाहिजे यात वाद नाही. पण तलावाच्या काठी ज्याचे ठाणे आहे तो तारू, ज्याच्यावरून या अरण्याला नाव पडले, तो गोंड गावप्रमुख वाघाशी झुंजत मेला अशी लोकांची श्रद्धा आहे. जिप्सीतून फिरणाऱ्या प्रवाशाला निर्मनुष्य आदिम रान दाखविताना त्या रानात मनुष्य होता, आणि तो आपल्या मरणाने त्या रानाशी बांधला गेला होता, हे सांगण्याची तसदी क्वचितच घेतली जाते.

माझ्या प्रतिपादनावर शेवटचा हल्ला असा होईल की, निष्पापतेची कथा टाकली तर या समाजाच्या बाजूने बोलण्यास काय उरले. उरले आहे ते धानोरा तालुक्यातील मेंढा गावाने करून दाखविले आहे. मिलिंद बोकील यांनी त्या गावावर मराठीत पुस्तकच लिहिले आहे, तेव्हा तपशिलात शिरत नाही. पाचशेच्या आसपास वस्तीचे हे गोंड गाव सर्वसहमतीशिवाय निर्णय घेत नाही, आणि सहमती होईपर्यंत अभ्यासगटात कायद्याची कलमे वाचते, बाहेरच्यांना बोलावून खोदून विचारते. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली त्याने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळविला. बांबूच्या वाहतुकीचा परवाना वनखाते देईना, तेव्हा त्याने कायद्यातील गौण वनोपजाची व्याख्या पुढे केली, आणि एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय वनमंत्र्यांना गावात येऊन परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती द्यावे लागले. बांबूच्या विक्रीने पैसा आला. प्रलोभन म्हणतात ते हेच, आणि पतनकथेच्या हिशेबाने गावाने आता फुटावयास हवे होते. उलट २०१३ मध्ये गावाने आपली खाजगी शेतजमीन ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या स्वाधीन करण्याचा निर्णय घेतला. अग्गञ्ञसुत्तातील जीवांनी जो बांध घातला होता तो या लोकांनी, जमीन म्हणजे काय, बाजार म्हणजे काय, कायदा म्हणजे काय हे पुरते जाणून, चर्चा करून, आपल्या हाताने मोडला. त्यांना भोळे म्हणणाऱ्यांनी आपल्या गावच्या सातबाऱ्यावर असा ठराव एकदा मांडून पाहावा, आणि तो कोणत्या कारणांसाठी नामंजूर होतो ती कारणे लिहून काढावीत. प्रलोभनाविषयीची पुढची चर्चा त्या कागदावरून करण्यास मी तयार आहे.